यूजर-स्पेस थ्रेड बदलताना फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरं कशी जपायची: पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी

स्वतःची थ्रेड लायब्ररी (कर्नलची मदत न घेता प्रोग्रॅमच्या आतच थ्रेड आलटून पालटून चालवणारी) लिहायला घेतली की पहिले दोन दिवस एकदम मजेत जातात. स्टॅक अलोकेट केला, सहा रजिस्टरं पुश केली, स्टॅक पॉइंटर बदलला, तीच सहा पॉप केली, रेट मारलं आणि काय, दोन फंक्शनं आलटून पालटून प्रिंट करायला लागतात, कर्नलला पत्ताही नाही. मग कधीतरी रात्री डोक्यात येतं की अरे, डबल आणि फ्लोटचं काय? 64-बिट एक्स86 वर डबल-फ्लोट जिथे असतात ती एक्सएमएम रजिस्टरं सोळा आहेत, प्रत्येक 16 बाइटचं, त्यांना तर आपण हातच लावला नाही, तरी सगळं बरोबर कसं चालतंय?

इथून नवीन माणूस दोनपैकी एका वाटेनं जातो. एक तर "चालतंय ना" म्हणून सोडून देतो, नाहीतर घाबरून दर स्विचला एफएक्ससेव्ह (फ्लोटिंग पॉइंटची सगळी अवस्था एकदम मेमरीत लिहिणारी इन्स्ट्रक्शन) लावतो आणि प्रत्येक वेळी 512 बाइट लिहितो, 512 बाइट वाचतो. पहिल्या वाटेवर कधीतरी चुकीची उत्तरं मिळतात, दुसऱ्या वाटेवर यूजर-स्पेस स्विचचा जो मुख्य फायदा, वेग, त्यातला बराचसा आपणच घालवतो. खरं उत्तर या दोघांच्या मध्ये आहे आणि ते एकदा समजलं की कुठल्याही प्रोसेसरवर तुम्ही स्वतः काढू शकता, म्हणून नीट लिहितोय.

पायरी 1: तुमचा स्विच कॉल आहे की मध्येच पडलेला घाला आहे ते ठरवा

हे सगळ्यात महत्त्वाचं, बाकी सगळं यावरून निघतं. थ्रेड स्वतःहून यील्ड (आपली पाळी सोडून देणारं) फंक्शन कॉल करतो आणि त्यातून दुसरा थ्रेड सुरू होतो, ही एक पद्धत, कोऑपरेटिव्ह. टायमरचा सिग्नल येतो आणि थ्रेड कुठल्याही दोन इन्स्ट्रक्शनच्या मध्ये असताना त्याच्या हातातून सीपीयू काढून घेतला जातो, ही दुसरी, प्रीएम्प्टिव्ह.

पहिल्या पद्धतीत कंपायलरच्या नजरेत काय घडतं बघा. त्याला दिसतो फक्त एक साधा फंक्शन कॉल. त्या कॉलच्या आत स्टॅक बदलला, दुसरे पन्नास थ्रेड पळून गेले, तीन सेकंदांनी परत आलो, यातलं काहीच त्याला माहीत नाही. त्याला माहीत आहे तो फक्त करार, कॉलिंग कन्व्हेन्शन, की कॉलनंतर ही ही रजिस्टरं जशीच्या तशी मिळतील (कॉली-सेव्ड) आणि ही ही बिघडलेली असू शकतात (कॉलर-सेव्ड). जी बिघडू शकतात त्यातलं कामाचं काही असेल तर कॉलच्या आधी तो स्वतःच स्टॅकवर ठेवतो. म्हणजे अर्धं काम कंपायलरनं आधीच करून दिलंय, आणि तो स्टॅक तर थ्रेडचा स्वतःचा, दुसरा कोणी त्याला हात लावत नाही.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर एक छोटा लूप लिहा: अॅरेतला एकेक डबल बेरजेत मिळवायचा आणि दर फेरीला यील्ड करायचं. लिनक्सवर 64-बिट एक्स86 साठी ओ2 (ऑप्टिमायझेशनचा पर्याय) लावून कंपाइल करा आणि डिसअसेंब्ली उघडा. यील्डच्या कॉलच्या आधी बेरीज एक्सएमएम0 मधून आरएसपी अधिक 8 सारख्या एखाद्या पत्त्यावर मूव्हएसडीनं (एक डबल हलवणारी इन्स्ट्रक्शन) लिहिलेली दिसेल, आणि नंतर तिथूनच परत वाचलेली. ती ओळ तुम्ही लिहिली नाही, कंपायलरनं लिहिली. म्हणूनच तुमचा सहा रजिस्टरांचा स्विच डबलची बेरीज बरोबर देत होता, नशिबाचा भाग त्यात काही नव्हता.

प्रीएम्प्टिव्हमध्ये हा करार लागूच होत नाही, कारण कंपायलरनं तिथे कॉल लिहिलेलाच नाही. त्याच्याकडे शेवटी येऊ.

पायरी 2: आपल्या प्लॅटफॉर्मचा करार वाचा

अंदाजानं इथे अजिबात जाऊ नका, कारण एकच प्रोसेसर असला तरी ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे करार बदलतो. लिनक्स, मॅक, बीएसडीवर 64-बिट एक्स86 ला जो सिस्टम फाइव्ह करार आहे त्यात कॉली-सेव्ड म्हणजे आरबीएक्स, आरबीपी, आर12 ते आर15 आणि अर्थात आरएसपी. एक्सएमएम रजिस्टरं सगळीच्या सगळी कॉलर-सेव्ड, त्यांचे वायएमएम झेडएमएम हे मोठे भाऊ पण तसेच. म्हणून तिथे फ्लोटिंग पॉइंटचं डेटा रजिस्टर एकही जपावं लागत नाही.

तोच प्रोसेसर विंडोजवर घ्या, एक्सएमएम6 ते एक्सएमएम15 ही दहा रजिस्टरं कॉली-सेव्ड होतात, म्हणजे 160 बाइट जास्तीचे, शिवाय आरडीआय आणि आरएसआय पण जपायचे. लिनक्सवर चाललेला स्विच विंडोजवर जसाच्या तसा नेला तर इंटीजरवाल्या टेस्ट पास होतात आणि डबलवाल्या कधी होतात कधी नाही. विंडोजचे स्वतःचे फायबर (तिथले यूजर-स्पेस थ्रेड) वापरणाऱ्यांनी पण एक लक्षात ठेवा, क्रिएटफायबरईएक्सला फ्लोट स्विचचा एक फ्लॅग असतो, तो 32-बिट एक्स86 वर दिला नाही तर फ्लोटिंग पॉइंटची अवस्था बदललीच जात नाही.

64-बिट आर्मवर एक्स19 ते एक्स28, फ्रेम पॉइंटर एक्स29, लिंक रजिस्टर एक्स30, आणि फ्लोटिंग पॉइंटची डी8 ते डी15. इथे एक बारीक गोष्ट आहे: व्ही8 ते व्ही15 ही रजिस्टरं 128 बिटांची आहेत पण करार फक्त खालच्या 64 बिटांचा, म्हणून डी, क्यू नाही. वरचा अर्धा भाग कंपायलर स्वतः सांभाळतो. 32-बिट आर्मला हार्ड-फ्लोटमध्ये (म्हणजे फ्लोट आर्ग्युमेंट फ्लोट रजिस्टरांतून द्यायचा करार) पण डी8 ते डी15 च, तिथे तीच एस16 ते एस31 म्हणून पण दिसतील. रिस्क-फाइव्हला एस0 ते एस11, आरए, आणि फ्लोटची एफएस0 ते एफएस11 अशी बारा, पण ती हार्ड-फ्लोट एबीआय (बायनरी पातळीवरचा करार) असेल तरच, सॉफ्ट-फ्लोट एबीआयमध्ये फ्लोट रजिस्टरांपैकी कशाचीच हमी नसते.

पायरी 3: कंट्रोल रजिस्टर विसरू नका

आता एक जण म्हणेल, लिनक्स एक्स86 वर एक्सएमएम जपायचं नाही तर मग विषयच संपला. नाही संपला. एमएक्ससीएसआर नावाचं 32 बिटांचं एक रजिस्टर आहे, त्यात एसएसईच्या, म्हणजे एक्सएमएम रजिस्टरांवरच्या, गणिताचे नियम असतात: राउंडिंग कुठल्या दिशेला, कुठले एक्सेप्शन मास्क केलेत (म्हणजे घडले तरी प्रोग्रॅम थांबवायचा नाही), अगदी बारके डीनॉर्मल आकडे शून्य धरायचे का. त्याच्या जोडीला जुन्या एक्स87 युनिटचं कंट्रोल वर्ड, 16 बिटांचं. या दोन्हींचे कंट्रोलवाले बिट करारानुसार कॉली-सेव्ड आहेत. एमएक्ससीएसआरचे खालचे सहा बिट म्हणजे स्टेटस फ्लॅग, काहीतरी घडलं की चिकटून बसणारे, ते तेवढे कॉलर-सेव्ड.

सुरुवातीच्या व्हॅल्यू पाठ करून ठेवा, डीबग करताना रोज दिसतील: एमएक्ससीएसआर हेक्समध्ये 1एफ80 आणि एक्स87 चं कंट्रोल वर्ड 037एफ. प्रत्यक्षात डीबगरमध्ये बऱ्याचदा 1एफए0 दिसतं, घाबरू नका, कुठल्यातरी भागाकाराचं उत्तर अचूक बसलं नाही म्हणून इनएक्झॅक्टचा फ्लॅग लागलाय एवढंच. पण 5एफ80 दिसलं तर राउंडिंग वरच्या दिशेला लावलेलं आहे, आणि 9एफसी0 दिसलं तर कोणीतरी डीनॉर्मल आकडे बंद केलेत.

हे न जपल्यानं काय होतं? एका थ्रेडनं इंटरव्हल अरिथमॅटिकसाठी (उत्तराची खालची आणि वरची मर्यादा धरून केलेला हिशोब) राउंडिंग वरच्या दिशेला लावलं, मध्येच यील्ड केलं, आणि आता बाकीचे सगळे थ्रेड वरच्या दिशेला राउंड करतायत. क्रॅश नाही, वॉर्निंग नाही, फक्त शेवटच्या बिटाला फरक, आणि तो फरक हजार पायऱ्यांच्या हिशोबात वाढत जातो. अशा चुका शोधायला आठवडे जातात म्हणून मी यावर जरा जास्तच जोर देतोय.

पायरी 4: स्विच लिहा

लिनक्स एक्स86 चा पूर्ण स्विच असा होतो. ओळी वाचायच्या सोयीनं देवनागरीत देतोय, फाइलमध्ये नेहमीच्या स्पेलिंगनं टाइप करा. पहिलं आर्ग्युमेंट आरडीआयमध्ये, म्हणजे जुना स्टॅक पॉइंटर कुठे ठेवायचा तो पत्ता, दुसरं आरएसआयमध्ये, म्हणजे नव्या थ्रेडचा स्टॅक पॉइंटर. एसटीएमएक्ससीएसआर आणि एफएनएसटीसीडब्ल्यू ती दोन कंट्रोल रजिस्टरं मेमरीत लिहितात, एलडीएमएक्ससीएसआर आणि एफएलडीसीडब्ल्यू ती परत भरतात.

पुश आरबीपी
पुश आरबीएक्स
पुश आर12
पुश आर13
पुश आर14
पुश आर15
सब आरएसपी, 8
एसटीएमएक्ससीएसआर [आरएसपी]
एफएनएसटीसीडब्ल्यू [आरएसपी+4]
मूव्ह [आरडीआय], आरएसपी
मूव्ह आरएसपी, आरएसआय
एलडीएमएक्ससीएसआर [आरएसपी]
एफएलडीसीडब्ल्यू [आरएसपी+4]
अॅड आरएसपी, 8
पॉप आर15
पॉप आर14
पॉप आर13
पॉप आर12
पॉप आरबीएक्स
पॉप आरबीपी
रेट

संपलं. रिटर्न अॅड्रेस धरून दर थ्रेडमागे 64 बाइट, एकही सिस्टिम कॉल नाही. याची तुलना जीलिबसीच्या (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) स्वॅपकॉन्टेक्स्टशी करून बघा, ते सिग्नल मास्क (कुठले सिग्नल अडवायचे ती यादी) पण बदलतं म्हणून दर स्विचला कर्नलमध्ये एक फेरी मारतं, आणि तसंही तो इंटरफेस पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमांचं मानक) 2008 च्या आवृत्तीतून काढून टाकलाय. शिकायला चांगला, रोजच्या कामाला जड.

हा कोड वेगळ्या असेंब्ली फाइलमध्येच ठेवा, हे मी अगदी कळकळीनं सांगतोय. इनलाइन असेंब्लीनं सीच्या फंक्शनमध्ये लिहिलं की कंपायलर ते फंक्शन इनलाइन करू शकतो, मग कॉल उरतच नाही आणि कॉल नाही म्हटल्यावर एक्सएमएम स्टॅकवर ठेवायचं त्याला काही कारणच नाही. नोइनलाइन लावलं म्हणून पण निश्चिंत होऊ नका. जीसीसीमध्ये ओ2 पासून एक ऑप्टिमायझेशन चालू असतं, आयपीए-आरए, त्यात एकाच फाइलमधलं फंक्शन नेमकी कुठली रजिस्टरं बिघडवतं हे कंपायलर बघून ठेवतो आणि जी बिघडत नाहीत असं त्याला वाटतं त्यात बिनधास्त व्हॅल्यू ठेवून कॉल करतो, कॉलर-सेव्ड असली तरी. तुमच्या इनलाइन असेंब्लीच्या क्लॉबर यादीत (काय काय बिघडतं हे कंपायलरला सांगणारी) एक्सएमएम नसतील तर गेलं. वेगळी फाइल असली की त्याला आत डोकावताच येत नाही आणि तो करारच पाळतो.

पायरी 5: नव्या थ्रेडचा पहिला स्टॅक हातानं रचा

नवीन थ्रेड कधी यील्ड करून बाहेर गेलेलाच नसतो, म्हणून तो गेला होता असं दाखवणारा स्टॅक आपणच बनवायचा. स्टॅकचं वरचं टोक 16 नं भाग जाणारं घ्या. टोकापासून 8 बाइट खाली शून्य ठेवा (खोटा रिटर्न अॅड्रेस), 16 बाइट खाली सुरुवातीच्या फंक्शनचा पत्ता, त्याच्या खाली सहा रजिस्टरांसाठी 48 बाइट शून्य, आणि सगळ्यात खाली 8 बाइटमध्ये एमएक्ससीएसआर आणि कंट्रोल वर्ड. सेव्ह केलेला स्टॅक पॉइंटर मग टोक वजा 72.

त्या खोट्या शून्याचं कारण सांगतो कारण ते न ठेवल्यानं जे होतं ते फ्लोटिंग पॉइंटमध्येच दिसतं. करार म्हणतो की कॉल इन्स्ट्रक्शनच्या क्षणी आरएसपी 16 नं भाग जाणारा असला पाहिजे, म्हणजे फंक्शनमध्ये शिरताना, रिटर्न अॅड्रेस पुश झाल्यामुळे, 8 उरले पाहिजेत. आपण कॉलनं नाही तर रेटनं शिरतोय, म्हणून ते 8 आपणच जुळवायचे. नाही जुळवले तर इंटीजरवाला कोड व्यवस्थित पळतो, आणि पहिल्यांदा कोणी मूव्हएपीएसनं (16 नं भाग जाणारा पत्ताच चालवून घेणारी इन्स्ट्रक्शन) एक्सएमएम स्टॅकवर ठेवायला गेलं की सेगफॉल्ट. बऱ्याचदा हा क्रॅश प्रिंटएफच्या आत दिसतो कारण ते व्हेरिअॅडिक (कितीही आर्ग्युमेंट घेणारं) फंक्शन आहे, फ्लोट आर्ग्युमेंट असली की एक्सएमएम रजिस्टरं स्टॅकवर उतरवतं. "माझ्या थ्रेडमध्ये प्रिंटएफ क्रॅश होतं, बाकी सगळं चालतं" असं कोणी म्हटलं की मी पहिल्यांदा अलाइनमेंट बघायला सांगतो आणि बहुतेक वेळा तेच निघतं.

एमएक्ससीएसआरची सुरुवातीची व्हॅल्यू कुठली ठेवायची, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. सरळ 1एफ80 ठेवता येते, किंवा थ्रेड बनवणाऱ्याची सध्याची वाचून तीच देता येते. पॉझिक्सचे थ्रेड दुसरं करतात, नवा थ्रेड बनवणाऱ्याचं फ्लोटिंग पॉइंट वातावरण वारशानं घेतो, आणि मी पण तेच करा म्हणेन कारण लोकांची अपेक्षा तशीच असते. फक्त स्टेटसचे खालचे सहा बिट तेवढे पुसून द्या. एक सावधगिरी: फास्ट-मॅथ (वेगासाठी गणिताचे नियम सैल करणारा कंपायलरचा पर्याय) लावून बांधलेली एखादी शेअर्ड लायब्ररी लोड होताना एमएक्ससीएसआरमध्ये डीनॉर्मल बंद करून टाकू शकते, जीसीसीच्या 13 च्या आधीच्या आवृत्त्यांनी बांधलेल्या लायब्रऱ्यांत हे होतं. मग ती लायब्ररी लोड व्हायच्या आधी बनलेले थ्रेड एका नियमानं हिशोब करतात आणि नंतरचे दुसऱ्या. दोन थ्रेडची उत्तरं शेवटच्या आकड्यांत जुळत नसतील तर दोघांचं एमएक्ससीएसआर छापून बघा.

पायरी 6: दुसऱ्या प्रोसेसरवर नेताना

माझ्या बाबतीत घडलेलं सांगतो. एक्स86 वर महिनोन्महिने चाललेला शेड्युलर 64-बिट आर्मवर नेला. एक्स19 ते एक्स30 नीट जपले होते, सगळ्या टेस्ट हिरव्या. मग सेन्सरच्या सरासरीचे आकडे चुकायला लागले, थोडेथोडके नाही, एका थ्रेडच्या सरासरीत चक्क दुसऱ्या थ्रेडचा आकडा. डीबग बिल्डमध्ये लावलं की सगळं बरोबर, ओ2 लावलं की चूक. सगळ्यांचा पहिला संशय कंपायलरवर.

डिसअसेंब्ली उघडली तेव्हा दिसलं की ओ2 मध्ये बेरीज डी8 मध्ये आहे आणि यील्डच्या कॉलच्या आजूबाजूला ती कुठेच स्टॅकवर ठेवलेली नाही. आणि का ठेवावी? डी8 कॉली-सेव्ड आहे, कंपायलरनं करार पाळला होता, मोडला होता आम्ही. दुसरा थ्रेड पण तोच कोड चालवत होता, त्याची बेरीज पण डी8 मध्येच, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याकडे जात होता. डीबग बिल्डमध्ये प्रत्येक व्हेरिएबल स्टॅकवरच राहतं म्हणून तिथे चूक दिसायची शक्यताच नव्हती. एसटीपीच्या (दोन रजिस्टरं एकदम लिहिणाऱ्या) चार ओळी आणि एलडीपीच्या (दोन एकदम वाचणाऱ्या) चार ओळी घातल्यावर सुटलं.

तेव्हा आर्मवर जागा अशी धरा: एक्स19 ते एक्स30 बारा रजिस्टरं म्हणजे 96 बाइट, डी8 ते डी15 चे 64, एकूण 160, 16 नं भाग जातो म्हणून स्टॅक पॉइंटर आपोआप अलाइन राहतो. राउंडिंग मोड इथे एफपीसीआरमध्ये असतो, एमआरएसनं वाचायचा, एमएसआरनं लिहायचा, त्याच्यासाठी अजून 16 बाइट. रिस्क-फाइव्हला तेच काम एफसीएसआर करतं.

पायरी 7: टेस्ट अशी लिहा की चूक लपणार नाही

डबलची बेरीज करणारी टेस्ट पुरत नाही, वर बघितलंच. दोन टेस्ट लिहा. पहिली असेंब्लीत: थ्रेड एकनं प्रत्येक कॉली-सेव्ड रजिस्टरात, इंटीजर आणि फ्लोट दोन्ही, वेगवेगळा ओळखू येणारा आकडा भरायचा, यील्ड, परत आल्यावर एकेक तपासायचं. थ्रेड दोननं त्याच रजिस्टरांत पूर्ण वेगळे आकडे भरून यील्ड करत राहायचं. कंपायलर मध्ये नाही म्हणजे डीबग की ओ2 हा प्रश्नच नाही.

दुसरी राउंडिंगची. थ्रेड एकनं एफईसेटराउंडनं वरची दिशा लावायची आणि यील्ड करायचं, थ्रेड दोननं 1 भागिले 3 करायचं. दोन्ही आकडे व्होलटाइल ठेवा, नाहीतर कंपायलर भागाकार आधीच करून ठेवेल. उत्तर दशांशात छापू नका, कारण जीलिबसीचं प्रिंटएफ छापताना स्वतः राउंडिंग मोड बघतं आणि गोंधळ वाढतो, टक्के-ए वापरून हेक्समध्ये छापा. नेहमीच्या राउंडिंगला मॅन्टिसात (पॉइंटनंतरच्या आकड्यांत) 5 च 5 दिसतात, शेवटचा आकडा पण 5. राउंडिंग गळत असेल तर शेवटचा आकडा 6 होतो. तो एक 6 दिसला की समजायचं एमएक्ससीएसआर जपलं जात नाही.

मग वेगाकडे वळा, आधी नाही. एलडीएमएक्ससीएसआर आणि एफएलडीसीडब्ल्यू साध्या मूव्हपेक्षा महाग आहेत, आणि बहुतेक प्रोग्रॅममध्ये कोणी राउंडिंगला हातच लावत नाही, म्हणून काही जण आधी जुनी आणि नवी व्हॅल्यू ताडून बघतात आणि फरक असेल तरच लोड करतात. चांगली युक्ती आहे पण ताडताना खालचे सहा स्टेटस बिट बाजूला काढा, नाहीतर 1एफ80 आणि 1एफए0 वेगळे धरून तुम्ही जवळजवळ दर वेळी लोडच कराल. आणि याची किंमत पण लक्षात घ्या, स्टेटस बिट आता थ्रेडप्रमाणे वेगळे राहत नाहीत, कोणी एफईटेस्टएक्सेप्टनं ओव्हरफ्लो झाला का बघत असेल तर त्याला शेजारच्या थ्रेडचा ओव्हरफ्लो दिसेल. करार याला परवानगी देतो, तरी वापरणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

पायरी 8: सिग्नलनं स्विच करायचा असेल तर

इथे थ्रेड कुठेही थांबू शकतो, एक्सएमएम0 मध्ये अर्धवट गुणाकार असताना सुद्धा, म्हणून सगळंच जपावं लागतं. चांगली बातमी ही की सिग्नल हँडलर चालवायच्या आधी कर्नल ते जपतोच. लिनक्सवर एक्स86 ला पूर्ण एफपीयूची (फ्लोटिंग पॉइंट युनिटची) अवस्था, एक्ससेव्हच्या (एफएक्ससेव्हची नवी, मोठी आवृत्ती) साच्यात, सिग्नल फ्रेममध्ये स्टॅकवर लिहिली जाते. तेव्हा हँडलरच्या आतून तुम्ही पायरी 4 चाच साधा स्विच कॉल केलात तरी चालतं: थांबलेल्या थ्रेडची रजिस्टरं त्याच्या स्टॅकवरच्या फ्रेममध्ये सुरक्षित आहेत, तो कधी परत चालू झाला की हँडलर संपतो, सिगरिटर्न (हँडलरमधून परतायचा सिस्टिम कॉल) सगळं जागच्या जागी ठेवतं. एमएक्ससीएसआर मात्र स्विचमध्ये जपायलाच हवं, कारण हँडलर सुरू होताना कर्नल एफपीयू ताज्या अवस्थेत देतो, म्हणजे 1एफ80, आणि ज्या थ्रेडवर तुम्ही उडी मारताय त्याचा मोड वेगळा असू शकतो.

अडचणी दुसरीकडे आहेत. हँडलर पर्यायी सिग्नल स्टॅकवर चालवू नका, पुढचा सिग्नल तीच जागा वापरेल आणि आधीच्या थ्रेडची फ्रेम पुसली जाईल. थ्रेडच्या स्वतःच्या स्टॅकवरच चालवा आणि त्यासाठी स्टॅक पुरेसा मोठा ठेवा, एव्हीएक्स-512 असलेल्या मशीनवर फ्रेम अडीच हजार बाइटच्या वर जाते, एएमएक्सच्या टाइल (मॅट्रिक्सच्या गणिताची मोठी रजिस्टरं) वापरात असतील तर त्यांचेच अजून 8192. चार किलोबाइटचे चिमुकले स्टॅक देऊन हजारो थ्रेड चालवायचं स्वप्न असेल तर ते इथे मोडतं. हँडलरमधून दुसऱ्या थ्रेडवर गेलात की तो सिग्नल ब्लॉकच राहतो कारण सिगरिटर्न झालेलं नाही, तो हातानं उघडावा लागतो. आणि थांबलेला थ्रेड मॅलॉकच्या आत लॉक धरून बसला असेल आणि त्याच कर्नल थ्रेडवर चाललेल्या नव्यानं मॅलॉक मागितलं तर दोघंही कायमचे अडकले.

दुसरी पद्धत म्हणजे हँडलरमध्ये फक्त सेव्ह केलेला इन्स्ट्रक्शन पॉइंटर बदलून थ्रेडला आपल्या छोट्या स्टबवर (असेंब्लीच्या तुकड्यावर) पाठवायचं आणि तिथे सगळी रजिस्टरं आपण जपायची. गो भाषेनं 2020 मध्ये 1.14 आवृत्तीपासून सिगअर्ज सिग्नल वापरून असंच प्रीएम्प्शन आणलं. अशा स्टबमध्ये फ्लॅग रजिस्टर पण जपायचं, आणि स्टॅकवर काहीही लिहायच्या आधी आरएसपीच्या खालचे 128 बाइट सोडायचे, कारण सिस्टम फाइव्ह करारात तो रेड झोन आहे, थांबलेल्या फंक्शनचा डेटा तिथे असू शकतो. फ्लोटिंग पॉइंटसाठी इथे एक्ससेव्ह लागतं. त्याची जागा 64 नं भाग जाणाऱ्या पत्त्यावर हवी, किती बाइट हवेत ते कोडमध्ये ठोकून बसवू नका, सीपीयूआयडीला (प्रोसेसरची माहिती देणारी इन्स्ट्रक्शन) 0डी नंबरचं लीफ, सबलीफ 0 विचारा, ईबीएक्समध्ये उत्तर मिळेल. फक्त एव्हीएक्स असेल तर ते 832 येतं: 512 जुना भाग, 64 हेडर, 256 वायएमएमचे वरचे अर्धे भाग. ते 64 बाइटचं हेडर पहिल्या एक्ससेव्हच्या आधी शून्यानं भरा, एक्ससेव्ह त्यातला सगळा भाग लिहीत नाही आणि तिथे जुना कचरा राहिला तर पुढचं एक्सआरस्टोर (ती अवस्था परत भरणारी इन्स्ट्रक्शन) जनरल प्रोटेक्शन फॉल्ट देतं, जो यूजर-स्पेसमध्ये साध्या सेगफॉल्टसारखा दिसतो आणि पत्ता बघून काहीच कळत नाही.